उपनगर जिल्ह्यातील हरवलेली गावे

मुंबई उपनगर जिल्ह्यात ओसाड गाव सापडत नाही. पडक्या वेशी, बुजलेल्या विहिरी, माणूस निघून गेल्यावर वाढलेले रान हे सगळे इथे नाही म्हणावे इतके थोडे आहे. सुमारे ४४६ चौरस किलोमीटरच्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ९३ लाखांहून अधिक माणसे मोजली गेली. एवढ्या गर्दीत रिकामी जागा कुठून राहणार? तरीही या जिल्ह्याच्या पोटात पुष्कळ गावे नाहीशी झालेली आहेत. कुणी तलावाखाली गेले, कुणी विमानाच्या धावपट्टीखाली, कुणी साथीने उठले, आणि बरीचशी तर जागच्या जागीच विरघळली. जमीन तिथेच, माणसेही तिथेच, फक्त त्या जागेला त्या नावाने हाक मारणारे कुणी उरले नाही.

मात्र एका ठिकाणी ती अजून नांदतात, आणि ते ठिकाण म्हणजे महसूल खाते. जिल्ह्यातील कोणत्याही इमारतीचे मालमत्ता पत्रक काढले की त्यावर 'मौजे' या शब्दापुढे एक गाव येते. कलिन्यातल्या माणसाला आपण मौजे कोळेकल्याणमध्ये राहतो हे घर विकायच्या दिवशी कळते. पवईच्या उंच इमारतींचे कागद मौजे तिरंदाज, मौजे कोपरी असे बोलतात. शेत गेले, बांध गेले, पाटील-तलाठ्याचा गाव म्हणून असलेला कारभार गेला, पण मोजणीच्या नकाशातली शीव मात्र पुसली गेली नाही. या जिल्ह्यातील हरवलेल्या गावांचा शोध म्हणूनच कुदळीने कमी आणि दप्तराने जास्त घ्यावा लागतो.

जिल्हा प्रशासनाच्या दृष्टीने तसा तरुण आहे. १९२० मध्ये ठाणे जिल्ह्यातून काही भाग वेगळा काढून पहिल्यांदा मुंबई उपनगर जिल्हा झाला. पुढे तो बृहन्मुंबईत मिसळला आणि १ ऑक्टोबर १९९० रोजी पुन्हा स्वतंत्र झाला. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे त्याचे तीन तालुके. पण ज्या भूमीवर तो उभा आहे ते साष्टी बेट फार जुने. 'षट्षष्टि', म्हणजे सहासष्ट, या शब्दावरून साष्टी हे नाव आले असे मानतात. गोव्यातल्या सासष्टीची व्युत्पत्तीही हीच सांगतात. सहासष्ट गावांचे बेट म्हणून ओळखली जाणारी ही भूमी वसई, ठाणे आणि माहीम या खाड्यांनी वेढलेली होती. उत्तरेचा भाग आज ठाणे जिल्ह्यात मोडतो. दक्षिणेची साष्टी आणि पूर्वेला पूर्वी वेगळे असलेले तुर्भे, म्हणजे ट्रॉम्बे, बेट मिळून आजचा उपनगर जिल्हा होतो.

यातली लेखी पुरावा असलेली सर्वांत जुनी मोठी वस्ती कान्हेरीची. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील शंभरहून अधिक लेण्यांकडे आज सहलीचे ठिकाण म्हणून पाहिले जाते. मात्र इसवी सनाच्या आगेमागे सुरू होऊन दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत राहते असलेले ते भिक्खूंचे गावच होते. प्रत्येक विहाराला बसायची ओटी, झोपायचा कट्टा, दाराशी पाण्याचे टाके. डोंगरावर पडलेला पाऊस खडकात खोदलेल्या पन्हळींतून टाक्यांत उतरवायची व्यवस्था इतकी नेटकी की आजही पावसाळ्यात ती कामाला लागलेली दिसते. पाण्याचा विचार आधी आणि वस्तीचा नंतर, हा क्रम या जिल्ह्यात पुन्हा फारसा पाळला गेला नाही.

भिक्खूंनी शेती केली नाही. त्यांच्या निर्वाहासाठी लोकांनी धन दिले, जमिनी दिल्या आणि ते दान भिंतींवर कोरून ठेवले. त्या लेखांत कल्याण, सोपारा, नाशिक, चौल इथल्या दात्यांची नावे येतात. एका लेखात 'मंगलथाण' या गावातील शेत दान दिल्याचा उल्लेख आहे. ते गाव म्हणजे आजच्या बोरिवली पूर्वेचे मागाठाणे. तिथेही बौद्ध लेणी होती. आज ती घरांच्या दाटीत इतकी दडली आहेत की माहितगार सोबत नसेल तर सापडायची नाहीत. गाव असे राहिले नाही. पण नावाचे नशीब बलवत्तर निघाले. बसआगाराला, विधानसभा मतदारसंघाला आणि आता मेट्रोच्या स्थानकालाही मागाठाणे हेच नाव आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरलेले गावाचे नाव रोज ध्वनिक्षेपकावरून ऐकू यावे, ही संधी महाराष्ट्रात थोड्याच गावांना मिळाली असेल.

त्यानंतरच्या काळासाठी दोन प्रकारची साधने आहेत, दगड आणि बखर. दगड एकसरचे. बोरिवलीजवळच्या या गावात सहा वीरगळ आहेत आणि त्यांवर घोडदळ-हत्तींबरोबर वल्ह्यांच्या नौकांची लढाई कोरलेली आहे. शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यात तेराव्या शतकात झालेल्या युद्धाचे हे चित्रण असावे, असे मत बऱ्याच अभ्यासकांनी मांडले आहे. बखर म्हणजे 'महिकावतीची बखर'. वि. का. राजवाडे यांनी ती १९२४ मध्ये संपादून प्रसिद्ध केली. राजा प्रतापबिंब शके १०६० च्या सुमारास, म्हणजे इसवी सन ११३८ च्या आसपास, उत्तर कोकणात उतरला आणि त्याने गावोगावी माणसे वसवली, अशी तिची हकिकत आहे. बखरीतल्या सगळ्याच गोष्टी जशाच्या तशा खऱ्या धरता येत नाहीत. वंशावळी लांबवणे आणि राजांचे पराक्रम फुगवणे हे बखरकारांचे आवडते काम होते. मात्र गावांची नावे सांगताना त्यांना खोटे बोलण्याचे कारण नव्हते. साष्टीतल्या कितीतरी गावांचा जुना उल्लेख म्हणून या बखरीचे मोल मोठे आहे.

प्रतापबिंबाने साष्टीत स्वतःच्या नावाने प्रतापपूर वसवले अशी परंपरा आहे. हे राजधानीचे गाव नेमके कुठे होते? साष्टीच्या मध्यभागी, मरोळच्या बाजूला, परजापूर किंवा प्रजापूर नावाचे एक उजाड गाव इंग्रजी काळातील गॅझेटियरांच्या लेखकांना ठाऊक होते. प्रतापपूरचे परजापूर झाले असावे, असा तर्क त्यांनी केला. भाषेच्या अंगाने तो पटण्याजोगा आहे. उत्खनन करून तो तपासायची वेळ मात्र कुणी साधली नाही, आणि आता साधेल असे दिसत नाही. हे प्रजापूर या प्रकरणात पुन्हा येणार आहे.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्यासोबत साष्टी पोर्तुगिजांना दिली आणि बेटाची मांडणी बदलली. फ्रान्सिस्कन आणि जेझुइट पाद्री गावोगावी उतरले. गावाच्या मध्यभागी देऊळ असायचे तिथे चर्च आले आणि पॅरिश हे गावाचे नवे परिमाण झाले. वांद्रे, अंधेरी, मरोळ, पोयसर, मालाड अशा ठिकाणी ख्रिस्ती वस्त्या रुजल्या. कोळी, कुणबी, भंडारी अशा जातींतून ख्रिस्ती झालेला हा समाज बोलायला मराठीची आपली बोलीच वापरत राहिला. पुढे १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्याने स्वतःला 'ईस्ट इंडियन' हे नाव दिले. गोव्याहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे, इथलेच, हे सरकारदरबारी ठसवण्यासाठी.

बोरिवलीच्या मंडपेश्वरला हा बदल एकाच जागी पाहता येतो. खाली शैव लेणे, आणि त्याच्याच माथ्यावर फ्रान्सिस्कनांनी उभारलेल्या मठाचे आणि विद्यालयाचे अवशेष. लेण्याचेच काही काळ चर्च झाले होते. १७३७ ते १७३९ या वर्षांत चिमाजी अप्पांच्या मोहिमेत साष्टी आणि वसई मराठ्यांकडे आली, पाद्री निघून गेले आणि मठाची पडझड सुरू झाली. पुढे १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली. सालबाईच्या १७८२ च्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. राज्ये अशी तीनदा पालटली, तरी सर्वसाधारण गावाच्या जागेत त्याने फारसा फरक पडला नाही. सारा कुणाच्या कचेरीत भरायचा एवढेच बदलले. गावे उठवण्याचे काम राजांपेक्षा साथींनी, आणि साथींपेक्षाही पुढे पाण्याने, रुळांनी आणि कारखान्यांनी जास्त केले.

साथीने उठलेल्या गावाचे ठळक उदाहरण कोंडिटाचे. अंधेरी पूर्वेला महाकालीची, म्हणजेच कोंडिविट्याची, लेणी आहेत. त्याच परिसरात जेझुइटांनी १५७९ मध्ये संत जॉन बाप्टिस्टच्या नावाने चर्च बांधले. अडीचशेहून अधिक वर्षे ते भरलेले राहिले. १८४० मध्ये साथ आली. वस्तीने जागा सोडायची ठरवली आणि ती मरोळला गेली. जाताना देवाच्या मूर्ती आणि चर्चचे उपयोगी सामान बरोबर नेले, मरोळला नवे चर्च उभारले आणि जुन्या भिंती रानाच्या हवाली केल्या. ज्या जागेने माणसे मारली तिथे पुन्हा घर बांधायचे नाही, हा त्या काळचा साधा समज. साथ जंतूंमुळे पसरते हे ठाऊक नव्हते, पण जागा बदलल्याने साथ आटोक्यात येते हा अनुभव गाठीशी होता.

छप्पर गेले, झाडांनी भिंती धरल्या. पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने अंधेरीच्या पूर्वेची ही जमीन उद्योगांसाठी घेतली आणि १९७३ मध्ये तिथे निर्यातीसाठीचे खास क्षेत्र सुरू झाले, ज्याला सगळे 'सिप्झ' म्हणून ओळखतात. हिऱ्यांचे दागिने आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणाऱ्या कारखान्यांच्या कुंपणाआड चर्चचे भग्न तोंड आणि कमानी उभ्या राहिल्या. सिप्झमध्ये परवान्याशिवाय शिरता येत नाही. मरोळच्या लोकांना आपल्या पूर्वजांच्या चर्चमध्ये सणाच्या प्रार्थनेसाठी वर्षातून एकदा, मे महिन्यात, आत सोडले जाते. उपनगर जिल्ह्यात ज्याला खरोखर अवशेष म्हणता येईल असे हरवलेले गाव हे बहुधा एकच, आणि तेही कुलपात.

कोंडिटाच्या लोकांनी आपण होऊन गाव सोडले. पूर्वेच्या डोंगरातल्या गावांना ती सवड मिळाली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई शहर विहिरी आणि तळ्यांवर जगत होते. १८५४ च्या टंचाईत पाण्याची इतकी ओरड झाली की बाहेरून पाणी आणायची वेळ आली. हेन्री कॉनीबेअर या अभियंत्याने साष्टीच्या डोंगरातले खोरे अडवायची योजना मांडली. १८५६ मध्ये विहार तलावाचे काम सुरू झाले आणि १८६० मध्ये ते पुरे झाले. शहराला नळाचे पाणी मिळाले ते इथून. ज्या गावाच्या नावाने तलाव ओळखला जातो ते विहार खोऱ्यातच होते, आणि त्या नावातच जवळच्या बौद्ध विहारांची आठवण आहे. विहार पुरेना म्हणून १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला. त्यालाही नाव तिथल्या गावाचेच. याच डोंगराळ भागात जेझुइटांनी सोळाव्या शतकात 'त्रिनिदाद', म्हणजे पवित्र त्रैक्य, नावाची एक ख्रिस्ती वसाहत वसवली होती. तिचीही जागा पाणी आणि जंगल यांच्यात वाटली गेली.

तलावाने पाण्याखाली जितकी जमीन घेतली त्याहून जास्त काठावर घेतली. पिण्याचे पाणी स्वच्छ राहावे म्हणून पाणलोटात नांगर नको, गुरे नकोत, वस्ती नको असा नियम झाला आणि बुडाली नव्हती ती शेतेही ओस पडली. आज राष्ट्रीय उद्यान म्हणून जे घनदाट रान दिसते, त्याचा एक भाग असा शेती उठवून वाढलेला आहे. महानगराच्या मध्यात बिबट्या नांदतो याचे कौतुक सगळीकडे होते. त्या बिबट्याची सोय दीडशे वर्षांपूर्वी नळाच्या पाण्यासाठी झाली, ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

पवईची गोष्ट निराळ्या वळणाची आहे. इंग्रजांनी साष्टीतल्या पडीक आणि लागवडीच्या जमिनी मोठ्या मक्त्याने देण्याचे धोरण धरले होते. १७९९ मध्ये पवईची जहागीर डॉक्टर स्कॉट यांना मिळाली. पुढे ती फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी उद्योजकाकडे आली. फ्रामजींनी तिथे ऊस, नीळ अशी नगदी पिके घेऊन पाहिली. मालाड-गोरेगावकडची गावे बैरामजी जीजीभाई यांना १८३० मध्ये मिळाली. या खोतांच्या हाती गावेच्या गावे गेल्याने पुढे शंभर वर्षांनी शहर पसरू लागले तेव्हा सरकार आणि विकासक यांना शेकडो शेतकऱ्यांशी नव्हे, तर मोजक्या घराण्यांशी बोलणी करावी लागली. उपनगरांची जमीन इतक्या झटपट का हलली, याचे एक कारण या मक्त्यांत आहे.

पवईत तलाव झाला तो १८९१ मध्ये. साडेसहा लाखांच्या घरात खर्च आला आणि पाणी निघाले पिण्याला नालायक. विहारसाठी गावे गेली ती निदान शहराची तहान भागवून गेली. पवईच्या खोऱ्यातली झोपडी-शेते ज्या पाण्याखाली गेली ते पाणी कुणाच्या ओठाला लागले नाही. तलावाच्या भोवतालची गावे मात्र आणखी सहासात दशके टिकली. पवई, तिरंदाज, कोपरी, पासपोली, तुंगवा, साकी, चांदिवली अशी ती यादी. १९५८ मध्ये आयआयटी आली, मग कारखाने, खाणी, आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मोठी गृहसंकुले. आता पवई आणि चांदिवली ही नावे जाहिरातीत भाव खातात. साकी एका नाक्यापुरते उरले आणि ते नाकाही वाहनकोंडीसाठीच प्रसिद्ध झाले. तुंगवा आणि पासपोली पत्त्यांच्या शेवटच्या ओळीत अधूनमधून दिसतात. तिरंदाज हे नाव तर दस्तनोंदणीच्या कागदाबाहेर फारसे येतच नाही. सात गावांचे निरनिराळे निकाल.

कोणते नाव टिकायचे आणि कोणते जायचे हे पुष्कळ ठिकाणी रेल्वेने ठरवले. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि कुर्ला, भांडुप ही स्थानकाची गावे झाली. पश्चिमेच्या रुळांवरून पहिली गाडी विरारहून १२ एप्रिल १८६७ रोजी निघाली. त्या गाडीच्या थांब्यांत बोरिवली आहे, अंधेरी आहे, आणि त्यांच्यामध्ये आहे 'पहाडी'. गोरेगाव नाही. आजच्या गोरेगाव स्थानकाचे पहिले नाव पहाडी होते. पहाडी आणि गोरेगाव ही शेजारची गावे, दप्तरात अजून 'पहाडी गोरेगाव' अशी जोडीने नांदणारी. पाटी बदलली आणि एका गावाचे नाव लाखो तोंडांत गेले, दुसऱ्याचे एका रस्त्यावर आणि शाळेवर येऊन थांबले. गोरेगावच्या पहाडी शाळा रस्त्यावर राहणाऱ्या कितीजणांना त्यातला 'पहाडी' हा शब्द गावाचा आहे, डोंगराचा नाही, हे ठाऊक असेल?

घाटकोपरशेजारचे किरोळ असेच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे घाटकोपर-किरोळ अशी जोडनावाची नगरपालिका होती. स्थानक घाटकोपरच्या नावाचे झाले आणि पुढचे विद्याविहारच्या, तेव्हा किरोळला जागा उरली नाही. विलेपार्ले-अंधेरी, वांद्रे, कुर्ला यांच्याही स्वतःच्या नगरपालिका होत्या. वांद्र्याची १८७६ पासूनची. इथे एक वेगळ्या जातीचे नाहीसे होणे दिसते. गाव राहिले, नाव राहिले, पण शहर म्हणून असलेले त्याचे वेगळेपण गेले. १९५० मध्ये मुंबई महापालिकेची हद्द पश्चिमेला अंधेरीपलीकडे आणि पूर्वेला भांडुपच्या दिशेने वाढली. १९५७ मध्ये ती दहिसर-मुलुंडपर्यंत पोचली. आपले नगराध्यक्ष, आपली दिवाबत्ती, आपले दवाखाने असणारी ही छोटी शहरे दोन सरकारी हुकमांत वॉर्ड झाली. कुर्ल्यासारख्या गिरणीच्या गावाला तर आपला स्वतःचा बाज होता. जमशेटजी टाटांनी १८८६ मध्ये घेतलेली स्वदेशी मिल इथलीच. विलीन झालेल्या शहरांपैकी कुणी विशेष रडले असे नाही. पाणी आणि गटारे मिळतील ही आशा स्वायत्ततेपेक्षा मोठी होती.

गावांबरोबर एक अख्खी रेल्वेही हरवली, आणि तिच्याविषयी सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नाही. १९२८ मध्ये अंधेरी आणि ट्रॉम्बे यांना कुर्ल्यावरून जोडणारा साष्टी-ट्रॉम्बे लोहमार्ग सुरू झाला. पूर्व-पश्चिम उपनगरे थेट जोडण्याची ही कल्पना काळाच्या फार पुढे होती. अवघ्या सहा वर्षांत, १९३४ मध्ये, ती गुंडाळली गेली, कारण मधली जमीन विमानतळाच्या कामी येणार होती. त्याच दिशेने मेट्रो धावायला पुढे ऐंशी वर्षे जावी लागली.

विमानतळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी तळ म्हणून वाढला आणि नंतर नागरी झाला. त्याने सांताक्रूझ, कोळेकल्याण, सहार, मरोळ, कुर्ला या गावांची भातशेती गिळली. गावठाण आणि गाव यांतला फरक इथे समजून घ्यावा लागतो. कोकणी गावात घरांची दाट जागा म्हणजे गावठाण. तिच्याभोवती भातखाचरे, खाडीकडे खारे पाणी बांधाने अडवून काढलेले खाजण, पलीकडे मिठागरे, वर डोंगरउताराची गुरचराई. गाव हे या सगळ्यांचे मिळून असते. भूसंपादन झाले की खाचरे आणि गुरचराई जाते, गावठाण बहुतेक वेळा वाचते. सहारचे चर्च आणि त्यामागची घरे आजही आहेत. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या टर्मिनलने गावाचे नाव काही वर्षे जगभर नेले. ज्या शेतांवर ते गाव पोसले ती मात्र डांबराखाली आहेत. गावठाण हे म्हणून हरवलेल्या गावाचा अर्धा उरलेला देह असतो. वांद्र्याच्या रानवार, चिंबई, वरोडे, शेर्ली, पाली या पाखाड्यांचेही हेच. लाकडी जिन्यांची काही घरे, कोपऱ्यावर एक क्रूस, आणि भातशेतीच्या जागी १९२० च्या दशकापासून आखलेले रस्ते.

कोळेकल्याणवर दोन्हीकडून चाल झाली. उत्तरेकडून विमानतळ आला, दक्षिणेला मिठी नदीच्या काठची दलदल भरून १९७७ नंतर वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहू लागले. कोळेकल्याण आणि परिघखाडी या दोन मौजांवर त्याचा मोठा भाग बसला आहे. परिघखाडी या नावातच पाणी आहे. भरावाची जमीन आपले मूळ विसरत नाही हे २६ जुलै २००५ च्या पुरात मिठीने दाखवले. देशातील सर्वांत महागड्या जमिनींत गणल्या जाणाऱ्या या संकुलातून खाडीचे नाव गेले, त्याजागी इंग्रजी आद्याक्षरे आली.

आतापर्यंतची गावे जुनी होती. जिल्ह्यातून सर्वांत झपाट्याने नाहीशी झालेली वस्ती मात्र अवघी पंचवीसेक वर्षांची होती. स्वातंत्र्यानंतर शहरातल्या झोपडपट्ट्या हटवून तिथल्या लोकांना मानखुर्द-ट्रॉम्बेच्या दलदलीत जागा देण्यात आली. लोकांनी ती स्वतः भरून काढली, बाजार बसवला, शाळा काढल्या. तिचे नाव जनता कॉलनी. १९५४ पासून शेजारी अणुऊर्जेचे केंद्र उभे राहत होते आणि आपल्या वसाहतीसाठी त्याला ही जमीन हवी होती. जॉकिन अर्पुथम या तरुणाच्या नेतृत्वाखाली रहिवासी अनेक वर्षे मोर्चे आणि न्यायालये यांच्या आधाराने टिकून राहिले. आणीबाणीने तो आधार काढून घेतला. मे १९७६ मध्ये सुमारे ७०,००० माणसांची ही वस्ती उठवून जवळच्या चीता कॅम्पमध्ये हलवण्यात आली. लोकसंख्येच्या हिशेबाने तेव्हाच्या महाराष्ट्रातली कित्येक तालुक्याची गावे याहून लहान होती. तिला मात्र कुणी शहर म्हटले नाही, म्हणून हरवलेल्या शहरांच्या यादीतही तिला जागा मिळाली नाही. अर्पुथम पुढे झोपडपट्टीवासीयांच्या राष्ट्रीय संघटनेचे नेते झाले आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मौजेच्या दप्तरात जनता कॉलनीची नोंद शोधून उपयोग नाही, कारण ती मौजा नव्हतीच. शेतसारा न भरणाऱ्या वस्त्यांना दप्तराचाही आसरा नसतो.

अगदी अलीकडचे उदाहरण प्रजापूरचे, आणि त्यात वरचे बरेचसे धागे एकत्र येतात. साष्टीच्या मध्यातल्या या उजाड गावाच्या आसपासची जमीन १९४९ मध्ये आरे दूध वसाहतीत गेली. शहरातले म्हशींचे गोठे बाहेर काढून एका जागी आणण्याची ही योजना होती, आणि तिच्यासाठी सुमारे तेराशे हेक्टर जागा घेतली गेली. डोंगरउतारावरचे वारली आणि इतर आदिवासींचे पाडे तसेच राहिले. पुढे आरेतूनच १९७७ मध्ये चित्रनगरीला जमीन निघाली. दक्षिणेला सिप्झ होतेच. या सगळ्यांच्या सांध्यात प्रजापूरपाडा नावाची आदिवासींची छोटी वस्ती उरली होती. कुलाबा ते आरे या भुयारी मेट्रोच्या डब्यांची आगार-जागा शोधताना बोट नेमके इथेच येऊन थांबले. पाड्यातली घरे हलवावी लागली. झाडे तोडण्यावरून २०१९ मध्ये रात्रीतून झालेला संघर्ष देशभर गाजला, न्यायालयात खटले चालले, कारशेड दुसरीकडे नेण्याचे निर्णय झाले आणि फिरले. अखेर आगार इथेच झाले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये या मार्गाचा आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा पहिला टप्पा सुरू झाला.

त्या वादात जमिनीच्या मालकीचे, वनक्षेत्राचे, पुराच्या धोक्याचे कागद दोन्ही बाजूंनी सादर झाले. त्यांतल्या कित्येक कागदांवर सर्वे नंबराच्या आधी लिहिले होते, मौजे प्रजापूर, जिल्हा मुंबई उपनगर.